पंचवीस रुपयांची कळ

गेटरॉन कंपनीचा ‘मिल्की यलो’ स्विच तळहातावर घेतला तर सुपारीएवढा भरतो. दुधी प्लास्टिकचं चौकोनी खोकं, वर डोकावणारा अधिकच्या चिन्हाच्या आकाराचा पिवळा दांडा आणि खाली धातूचे दोन पाय. स्विच उघडायचं एक छोटं हत्यार मिळतं. त्यावर स्विच ठेवून दाबला की बाजूच्या चार खाचा सुटतात, झाकण निघतं आणि आतला कारभार उघडा पडतो. झाकण, दांडा, स्प्रिंग आणि तळ. तळात तांब्याच्या मिश्रधातूची एक पातळ, लवचीक पट्टी. बस्स.

दांड्याच्या एका अंगाला दोन इवलेसे पाय असतात. कळ वर असते तेव्हा हे पाय त्या पट्टीला रेटून दूर धरतात. कळ दाबली की पाय खाली सरकतात, पट्टी मोकळी होते, शेजारच्या धातूला टेकते आणि पडद्यावर अक्षर उमटतं. हे साधारण दोन मिलिमीटरवर घडतं. तळ गाठायला आणखी जेमतेम तेवढंच अंतर. पायांचा उतार सपाट असेल तर बोटाला वाटेत काहीच लागत नाही, कळ एका दमात खाली जाते. हा लिनिअर स्विच. उतारावर उंचवटा असेल तर बोटाला अडखळ जाणवते, तो टॅक्टाइल. आणि दांडा दोन भागांचा करून त्यातून मुद्दाम टकटक काढली तर तो क्लिकी. क्लिकीवाल्यांनी हा लेख इथेच सोडला तरी चालेल. एकत्र कुटुंबात त्यांचं तसंही फार दिवस चालत नाही.

आपल्याकडच्या दुकानांत हा मिल्की यलो साधारण पंचवीस रुपयांना एक पडतो, सवलतीत थोडा कमी. त्याच दुकानात त्याच मापाचा, त्याच चार भागांचा दुसरा लिनिअर स्विच नव्वद-शंभर रुपयांना असतो. ६५ टक्के म्हणतात त्या आटोपशीर कीबोर्डला बहुधा ६८ स्विच लागतात. सत्तरच्या हिशेबाने पंचवीसवाले १,७५० रुपयांत येतात, नव्वदवाले ६,३०० रुपयांत. मधल्या साडेचार हजारांत बोटाला नेमकं काय जास्त मिळतं? माझं उत्तर असं, की फार थोडं. आणि जे मिळतं त्यातलंही बरंचसं कानाला आणि डोळ्याला. मात्र दहा-बारा वर्षांपूर्वी हेच उत्तर छातीठोकपणे देता आलं नसतं. मधल्या काळात जे घडलं ते सांगण्यासारखं आहे.

या सगळ्याच्या मुळाशी चेरी ही कंपनी आहे. वॉल्टर चेरी यांनी ती १९५३ मध्ये अमेरिकेत, इलिनॉय राज्यात सुरू केली. पुढे तिचं बस्तान जर्मनीत, बव्हेरियातल्या आउअरबाख गावी बसलं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे ‘एमएक्स’ स्विचचा आराखडा तयार झाला. आज हौशी लोक वापरतात ते जवळजवळ सगळे स्विच मापाने या एमएक्सचेच वंशज आहेत. त्यातला जुना लिनिअर म्हणजे काळ्या दांड्याचा एमएक्स ब्लॅक. अंगाने जड. अक्षर उमटायला ६० सेंटिन्यूटन जोर लागायचा (हा आकडा ग्रॅम समजून वाचला तरी बिघडत नाही, फरक दोन टक्क्यांचा आहे). कचेऱ्यांतले टर्मिनल, दुकानांतली गल्ल्याची यंत्रं यांत तो वर्षानुवर्षं बडवला गेला. ४५चा हलका एमएक्स रेड यायला २००८ उजाडलं. तोवर लिनिअर हवा असेल तर बोटांनी काळ्याशी जुळवून घ्यायचं, इतकाच पर्याय होता.

पेटंटची मुदत संपल्यावर चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातले कारखाने या धंद्यात उतरले. डोंगग्वानची काइहुआ, जिचा ‘काइल’ हा छाप आज जगभर चालतो, हुइझोची गेटरॉन, शिवाय आउटेमू आणि टीटीसी. रेझर या गेमिंगवाल्या कंपनीने २०१४ मध्ये स्वतःच्या नावाचे स्विच आणले, ते काइहुआनेच बनवले होते. सुरुवातीला या मालाकडे सगळ्यांनी नक्कल म्हणून नाक मुरडलं. पण नक्कल करणाऱ्यांना मूळ कंपनीच्या सवयींचं ओझं नव्हतं. चेरीच्या यादीत लिनिअर म्हणजे एक ४५चा आणि एक ६०चा. मधली जागा रिकामीच. गेटरॉनने ती ५० ग्रॅमच्या पिवळ्याने भरली. शिवाय त्यांचा दांडा चेरीपेक्षा घसरगुंडा निघाला. नव्या चेरीत कळ सावकाश दाबली की बारीक खरखर जाणवायची, गेटरॉनमध्ये ती कमी. स्वस्त मालच जास्त गुळगुळीत, हे पचायला हौशी जगाला काही वर्षं लागली.

त्या काळात चेरीच्या भक्तांनी वेगळीच वाट काढली. जुने टर्मिनल, बंद पडलेल्या दुकानांचे कीबोर्ड भंगारातून शोधायचे आणि त्यातले वापरून वापरून गुळगुळीत झालेले काळे स्विच सोल्डर वितळवून काढायचे. निक्सडॉर्फ या जर्मन संगणक कंपनीच्या कीबोर्डांत पारदर्शक झाकणाचा एमएक्स ब्लॅक असे. त्याला तर भलताच भाव आला. शेवटी चेरीनेच २०२२ मध्ये ते पारदर्शक झाकण परत आणलं आणि २०२३ मध्ये ‘एमएक्स-टू-ए’ ही नवी पिढी काढली. तिच्यात कारखान्यातूनच वंगण घालून देतात. ज्यांना नकलाकार म्हटलं, त्यांच्याकडून मूळ गुरूने धडा घेतल्याचं यापेक्षा स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही.

महागाईही मधल्या काळात आलीच. कॅनडातल्या झील पीसी या दुकानाने गेटरॉनकडून खास बनवून घेतलेले स्विच एका डॉलरच्या आसपास विकले आणि एका कळेला एवढे पैसे देणारे लोक आहेत हे सिद्ध केलं. मग प्रत्येक दुकानाने स्वतःचा रंग, स्वतःचं नाव काढलं. कारखाने तेच. जेडब्ल्यूके नावाच्या एका उत्पादकाने किती दुकानांच्या नावाने किती रंगांचे लिनिअर काढले याची मोजदाद करणं अवघड आहे. २०२० मध्ये माणसं घरात अडकली, हातात वेळ आला आणि ही हौस फोफावली. आगाऊ पैसे भरायचे आणि महिनोन्‌महिने वाट पाहायची, ही रीत तेव्हा सर्रास झाली. परदेशातली काही दुकानं तर ग्राहकांचे पैसे घेऊन बुडाली. पण गिऱ्हाईक वाढलं तशी कारखान्यांतली चुरसही वाढली. केटीटी, आक्को, एचएमएक्स अशी नावं पुढे आली, साचे सुधारले, वंगण कारखान्यातच लागू लागलं आणि भाव खाली आले. आज दांड्याचा डुगडुगाट, स्प्रिंगची किणकिण, घर्षणाची खरखर या तिन्ही तक्रारी तीस रुपयांच्या आत बहुतांशी मिटतात. त्यापुढचे पैसे हे आवाजाच्या छटेचे, रंगाचे आणि नावाचे.

भारतात या घसरणीचा फायदा उशिरा पोचला. सुटे स्विच चीनमधून थेट मागवण्याचा सोपा रस्ता म्हणजे अलीएक्स्प्रेस. नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने बंदी घातलेल्या ४३ ॲपमध्ये तेही होतं. त्यामुळे इथे जे आयात करून विकतात त्यांच्याकडूनच घ्यायचं, वाहतूक आणि सीमाशुल्क त्यांच्या भावात आलेलं असतं, शिवाय १८ टक्के जीएसटी. परदेशातल्या चित्रफितीत ‘फक्त पंचवीस सेंट’ ऐकून इथल्या दुकानदाराशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही. त्याच्याकडे चारच लिनिअर असतात, पण ते चार आज ना उद्या तुमच्या दारात पोचतात.

आता निवडीकडे. डब्यावरचा पहिला आकडा वजनाचा, आणि तिथेच निम्मे लोक फसतात. कारण काही कंपन्या अक्षर उमटायला लागणारा जोर छापतात, काही तळाला टेकवायला लागणारा. एकाचा ५० आणि दुसऱ्याचा ६० हे प्रत्यक्षात सारखेच निघू शकतात. दोन स्विच ताडताना आकडा कुठल्या टप्प्यावरचा आहे हे आधी पाहावं. दुसरी गोष्ट स्प्रिंगच्या लांबीची. साधी स्प्रिंग १५ मिलिमीटरच्या आसपास असते; हल्ली २० किंवा २२ मिलिमीटरच्या लांब स्प्रिंगचे स्विच येतात. लांब स्प्रिंग आधीच दबून बसलेली असते, त्यामुळे सुरुवातीलाच विरोध जाणवतो आणि कळ झटकन वर येते. ज्यांची बोटं कळांवर टेकून राहतात त्यांना ही मानवते. चुकून अक्षर पडत नाही.

मराठी टंकणाऱ्याने या वजनाचा विचार इंग्रजीवाल्यांपेक्षा थोडा वेगळा करायला हवा, आणि हे मी कुठल्याच इंग्रजी परीक्षणात वाचलेलं नाही. ‘इन्स्क्रिप्ट’ मांडणीत स्वर आणि मात्रा मुख्यतः डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. च, ट, ड, ज, य ही सगळी उजव्या करंगळीच्या वाट्याला येतात. डावी करंगळी शिफ्ट धरून बसते, कारण ख, घ, थ, भ, श, ळ यांतलं प्रत्येक अक्षर शिफ्टशिवाय होत नाही. ‘महाराष्ट्र’ हा शब्द घ्या. दहा कळा आणि एक शिफ्ट. त्यात हलन्त दोनदा, म्हणजे ‘डी’ची कळ दोनदा, आणि मधला ट करंगळीचा. इंग्रजी टंकताना करंगळीला जे काम पडतं त्याच्या कितीतरी पट इथे पडतं. एमएक्स ब्लॅकसारख्या ६०च्या स्विचवर दिवसभर मराठी टंकणं म्हणजे हाताच्या सगळ्यात दुबळ्या बोटाला सगळ्यात जड काम देणं.

यावरचा उपाय स्वस्त आहे. हॉट-स्वॅप बोर्ड असेल, म्हणजे स्विच सोल्डर न करता नुसते खोचायचे असतील, तर सगळ्या कळांना एकच स्विच घालण्याचं बंधन नाही. माझ्या ओळखीच्या ठाण्याच्या एक अनुवादक बाई रोज इन्स्क्रिप्टवर पानंच्या पानं टंकतात. त्यांच्या बोर्डात बहुतेक जागी ५०चे पिवळे आहेत, दोन्ही शिफ्ट आणि करंगळीच्या कळांना त्याच कंपनीचे ४५चे लाल आणि स्पेसबारला ६०चा काळा. अंगठा दणकट असतो आणि स्पेसबारचं टोपण जड, त्याला जोरकस स्प्रिंगच वर आणते. तिन्ही रंगांचे भाव जवळजवळ सारखेच. रंगांची सरमिसळ टोपणांखाली दिसतही नाही.

ज्यांचे हात टंकलेखन यंत्रावर घडले, त्यांची गोष्ट निराळी. गोदरेजने १९५५ मध्ये पहिलं भारतीय टंकलेखन यंत्र काढलं आणि पुढे दोन-तीन पिढ्या त्या कळांवर तयार झाल्या. या मंडळींची बोटं कळ तळापर्यंत हाणतात, कारण यंत्रावर तसं केल्याशिवाय कागदावर ठसा उमटत नसे. लिनिअरमध्ये वाटेत अडखळ नसल्याने त्यांचा प्रत्येक ठोका थेट तळावर आदळतो आणि तासाभरात बोटांची टोकं हुळहुळतात. अशांनी ३५-४०चे हलके स्विच मुळीच घेऊ नयेत. पन्नास-पंचावन्नचे बरे, आणि ‘लाँग पोल’ टाळावेत.

लाँग पोल म्हणजे ज्याचा मधला खांब लांब असतो असा दांडा. साध्या स्विचमध्ये दांड्याच्या कडा तळाला टेकतात. यात मधला खांब आधी आदळतो. कळेचा प्रवास चार मिलिमीटरऐवजी साडेतीनच्या आसपास संपतो आणि आवाज टणक, खणखणीत येतो. गेल्या काही वर्षांतल्या बहुतेक नव्या लिनिअरची हीच तऱ्हा आहे, कारण चित्रफितीत हा आवाज छान लागतो.

आवाजाच्या बाबतीत माझं मत जरा कडवट आहे. हौशी लोक ‘थॉक’ आणि ‘क्लॅक’ असे दोन ढोबळ वर्ग करतात: एक बसका, घुमणारा, दुसरा उंच, कडक. त्यासाठी झाकण पॉलिकार्बोनेटचं की नायलॉनचं, दांडा पॉमचा की आणखी कशाचा, यावर तासन्‌तास खल चालतो. प्लास्टिकचा फरक पडतो, नाही असं नाही. नायलॉन आवाज दाबतं, पॉलिकार्बोनेट तो मोकळा सोडतं. पॉम म्हणजे पॉलिऑक्सिमिथिलीन, लहान दातेरी चाकांसाठी वापरतात ते प्लास्टिक. ते मुळातच घसरतं. पण चित्रफितीत जो आवाज ऐकू येतो तो एकट्या स्विचचा नसतो. बोर्डाचं कवच ॲल्युमिनियमचं की प्लास्टिकचं, आतली प्लेट कसली, फोम भरलाय का, टोपणं किती जाड, टेबलावर काय अंथरलंय, माइक किती जवळ, या सगळ्यांचा तो गोळाबेरीज आवाज. नॉव्हेलकीज या दुकानाच्या ‘क्रीम’ स्विचचं उदाहरण बोलकं आहे. झाकण, दांडा, तळ सगळं पॉमचं, काइहुआने बनवलेलं. चित्रफितींतल्या आवाजावर लोक लुब्ध झाले, आणि घरी आणून दाबून पाहिलं तर खरखर. अनेक दिवस वापरून, वंगण घालून मग कुठे ते वळणावर येत. आवाज ऐकून स्विच घेणाऱ्याला दुकानदार कधीच नाराज करत नाही, एवढंच म्हणतो.

वंगणाचं काम प्रत्यक्ष कसं चालतं ते पुण्यातल्या एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याकडे पाहिलं. तो इतरांचे स्विच माफक मजुरी घेऊन ‘ल्यूब’ करून देतो. टेबलावर खाचांचा ट्रे, एका बाजूला तळ ओळीने मांडलेले, दुसऱ्या बाजूला दांडे. हातात चित्रकलेचा शून्य नंबरचा ब्रश आणि नखाएवढ्या डबीत पांढरं, दाट क्रायटॉक्स २०५जी०. ब्रश डबीच्या कडेला दोनदा निपटून तो तळातल्या दोन्ही बाजूंच्या खाचांवरून एकदाच फिरवतो. मग दांड्याच्या बाजू. पायांना लागलंच तर पुसटसं. स्प्रिंगा तो ब्रशने रंगवत नाही. सगळ्या एका प्लास्टिकच्या पिशवीत टाकतो, पातळ तेलाचे तीन-चार थेंब सोडतो, पिशवी फुगवून गच्च बांधतो आणि हलवतो. ‘काका, पांढरं दिसलं की जास्त झालं,’ त्याने मला ब्रश देताना बजावलं. खरंच, नीट लागलेलं वंगण जवळजवळ दिसत नाही, प्लास्टिक फक्त किंचित ओलसर चमकतं. जास्त झालं तर कळ चिखलात रुतल्यासारखी वर येते, आणि पट्टीच्या टोकावर गेलं तर अक्षरच उमटत नाही.

हे क्रायटॉक्स म्हणजे फ्लोरिनयुक्त तेल आणि त्यात घोटलेली टेफ्लॉनच्या जातीची पूड. प्लास्टिकशी त्याचं वैर नाही, म्हणून ते वापरतात. घरातलं शिवणयंत्राचं तेल किंवा गंज सोडवायचा फवारा स्विचमध्ये कदापि घालू नये. पेट्रोलियमजन्य तेलं पॉलिकार्बोनेटला तडे पाडू शकतात.

आता हिशेब करा. एका स्विचला उघडण्यापासून मिटण्यापर्यंत दोन मिनिटं धरली तरी सत्तर स्विचला सव्वादोन तासांच्या वर. पहिल्यांदा करणाऱ्याला दुप्पट. कोरे स्विच आणि कारखान्यातून वंगण लावून आलेले स्विच यांच्या भावात आता नगामागे दोन-चार रुपयांचाच फरक उरला आहे. ज्याला हे बारीक काम करण्यातच आनंद आहे त्याने कोरे घ्यावेत. तो आनंद मी नाकारत नाही, रविवारची दुपार छान जाते. ज्याला फक्त टंकायचं आहे त्याने वंगण लागलेलेच घ्यावेत. झाकण आणि तळ यांच्यात घालायच्या पातळ फिल्मच्या चकत्या मात्र वगळाव्यात. ढिल्या साच्यांच्या काळातलं ते औषध आहे. आताचे स्विच घट्ट बसतात.

त्यापेक्षा तेवढा वेळ स्टॅबिलायझरला द्यावा. स्पेसबार, एंटर, शिफ्ट, बॅकस्पेस या लांब कळांखाली तार असते. ती कोरडी असली की खडखडते, आणि नव्वद रुपयांचा स्विच घातला तरी खडखडतेच. स्वस्त बोर्ड वाईट वाटण्याचं कारण बहुधा हे असतं, स्विच नव्हे. तारेच्या टोकांना दाट वंगण नीट भरलं की बोर्डाची पत वाढते.

कोकणात आणि मुंबईत राहणाऱ्यांना हवेचाही विचार करावा लागतो. पावसाळ्यातली दमट, खारट हवा आणि एरवीची धूळ पट्टीच्या टोकापर्यंत पोचली की एकदा दाबून अक्षर दोनदा उमटायला लागतं. दांड्याभोवती चौकटीची भिंत असलेले स्विच ही पट्टी थोडी जास्त आडोशाला ठेवतात. काइलने ही ‘बॉक्स’ पद्धत रूढ केली आणि आता स्वस्त लिनिअरमध्येही ती सर्रास मिळते. तरी एखादा स्विच बिघडतोच, आणि म्हणून पहिला बोर्ड हॉट-स्वॅपच घ्यावा. बिघडला तो उपसायचा, नवा खोचायचा. डब्यावर पाच कोटी दाबांची हमी लिहिलेली असते, तिला भुलायचं कारण नाही आणि घाबरायचंही नाही. एकच कळ दिवसाला पाच हजार वेळा दाबली तरी पाच कोटी व्हायला सत्तावीस वर्षं लागतात. आठ कोटीवाला स्विच पाच कोटीवाल्यापेक्षा चांगला, हा युक्तिवाद तुमच्या नातवाने करावा.

रात्री लिहिणाऱ्यांसाठी मुके लिनिअर आहेत. दांड्याला वर-खाली मऊ रबरी गाद्या असतात, आवाज गाडला जातो. आउटेमूचा ‘सायलेंट पीच’ त्यात स्वस्त आणि पुरेसा चांगला. तळाशी कळ किंचित फुसकी लागते, ती किंमत मोजावी लागते. चुंबकीय स्विचचा सध्या गेमिंगमध्ये बोलबाला आहे. तेही लिनिअरच, पण त्यांना वेगळा सर्किट बोर्ड लागतो, साध्या बोर्डात ते बसून काही उपयोग नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये काउंटर-स्ट्राइक २ च्या कर्त्यांना अशा कीबोर्डांतल्या एका स्वयंचलित सोयीवर बंदी घालावी लागली, इतका त्यांचा खेळात फायदा. पत्रलेखनात तो फायदा शून्य.

तर माझी शिफारस सरळ आहे. पहिल्यांदाच घेत असाल तर गेटरॉन मिल्की यलो प्रो, म्हणजे वंगण लागलेला. तो संपलेला असेल तर आक्कोचा ‘क्रीम यलो’, प्रकृतीने जवळचाच. थोडा आणखी गुळगुळीत हवा आणि दोन पैसे जास्त द्यायची तयारी असेल तर एचएमएक्सचा जो मिळेल तो. त्यांचं कारखान्यातलं वंगण आज सगळ्यांत एकसारखं लागलेलं असतं, मात्र त्यांचे बरेचसे स्विच लाँग पोल असतात हे ध्यानात ठेवून. साठ रुपयांच्या वरचा लिनिअर पहिल्या बोर्डासाठी घेऊ नका. ते पैसे बोर्डात घाला.

मागवण्याआधी आपल्या सर्किट बोर्डाला तीन पायांचे (धातूचे दोन आणि मधला प्लास्टिकचा) स्विच चालतात की पाच पायांचे, ते पाहा. पाच पायांचा स्विच तीन छिद्रांत बसत नाही, पण त्याचे जादा दोन प्लास्टिकचे खुंट नेलकटरने उडवले की बसतो. खोचताना प्रत्येक स्विचचे धातूचे पाय डोळ्यासमोर धरून सरळ आहेत का बघा आणि सर्किट बोर्डाला खालून बोटाचा आधार द्या. वाकडा पाय तसाच रेटला तर खालचं सॉकेट उखडतं आणि मग सोल्डरिंग आयर्न घेऊन बसावं लागतं. शक्य असेल तर आधी दहा स्विच मागवा, च, ट, य आणि शिफ्टच्या जागी खोचा आणि आठवडाभर मराठीच टंका. बोट कुरकुरलं नाही तर बाकीचे मागवा. ६८ कळांच्या बोर्डाला सत्तर घ्या. दोन जादा लागतातच.